मिजदाफचा पांढरा रकाना

सन एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षी नाईलला पाणी फार आलं आणि ओसरायलाही उशीर लागला. ऑक्टोबरातल्या एका दुपारी, सुदानातल्या ओम्दुरमान शहरात, बेत-अल-माल वस्तीतल्या आपल्या अंगणात बतूल वाळवलेल्या भेंडीची पूड चाळत बसली होती. तेवढ्यात दार ढकलून तोमकाका आत आले. त्यांच्या हातात ओलसर कागदाची सुरळी होती.

"मुली, उस्ताद उठले का? सेन्सॉरकडून पान परत आलंय."

"उठतील आता. तुमचं तोंड का उतरलंय, काका? ट्राममध्ये जागा मिळाली नाही?"

"जागा भरपूर होती. पान बघ म्हणजे कळेल. अर्धं लाल करून पाठवलंय त्या मास्तरने. आणि वर सलाम सांगितलाय. म्हणतो, उस्तादांची भाषा वाचून डोळे निवतात."

"निवलेल्या डोळ्यांनीच काटलं का मग?"

"हो ना. काटताना रडलाही असेल."

तोमकाका 'मिजदाफ'चे मुख्य जुळारी. बारा वर्षं शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून त्यांनी ते वर्तमानपत्र उभं केलं होतं. मिजदाफ म्हणजे वल्हं. नाव बतूलच्या नवऱ्याने, मक्कीने ठेवलेलं; सगळे त्याला उस्ताद म्हणत. पत्र त्याचं, अग्रलेख त्याचा आणि भांडणंही त्याचीच. ज्याला सगळे मास्तर म्हणत तो शौकी नावाचा सेन्सॉर अधिकारी खरोखरच पूर्वी शाळेत शिकवायचा. लष्कराचं राज्य येऊन तीन वर्षं होत आली होती. रोज उद्याच्या अंकाची पानं त्याच्याकडे जायची आणि दुपारी तांबड्या पेन्सिलीने रंगून परत यायची.

बाकीची पत्रं काटलेल्या जागी काहीतरी भरून टाकत. उंटांच्या शर्यती, केस वाढवायचे उपाय, कुणाच्या लग्नाची हकिगत. मक्की भरत नसे. जेवढं काटलं तेवढा रकाना तो कोरा सोडायचा. लोकांना ते फार आवडलं होतं. कॉफीच्या दुकानांत अंक उघडला की माणसं आधी पांढरी जागा शोधत आणि तिथे काय असावं यावर पैजा लावत. कुणी म्हणे मंत्र्याचं नाव, कुणी म्हणे त्याच्या मेव्हण्याचं. मक्कीला याचा अभिमान होता. बतूललाही होता, आणि तो तिने पुढे कधी नाकारला नाही.

मक्की तिचा चुलतभाऊ. लहानपणीच आईबाप गेले म्हणून तो तिच्याच घरात, अबू रूफला नदीकाठी वाढला. बतूलचा भाऊ सिद्दीक आणि तो एकाच खाटेवर झोपत, एकाच पाटीवर कुराण घोकत. मोठेपणी सिद्दीक सरकारी नोकरीत गेला, मक्की पोस्टात चिकटला आणि तिथून पाठ फिरवून वर्तमानपत्र काढून बसला. इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून चार महिने तुरुंगात गेला. तिथे डोळे आले, बरे झालेच नाहीत नीट, आणि तेव्हापासून पान वाचून दाखवायचं काम बतूलकडे आलं. स्वातंत्र्यानंतर त्याने आपल्याच पुढाऱ्यांना सोडलं नाही, तेव्हा छापखान्यावर दगड पडले. पुढे एकदा मुलींचे गाल चिरून त्यांवर वण उठवायच्या जुन्या चालीविरुद्ध त्याने लिहिलं, तर खुद्द सासूच, बतूलची आई, उलटली. हाज्जा शूलच्या दोन्ही गालांवर तीन तीन उभे वण होते.

"मक्की," ती म्हणाली होती, "तू लिहिलंस ते मला शेजारच्या अमूनाने वाचून दाखवलं. रानटी चाल, असं लिहिलंस. मग माझ्या गालावर काय आहे रे? उंदराने कुरतडलंय?"

"काकी, तुमच्याबद्दल नाही लिहिलं मी. कुणाचंच नाव घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला हवं? गाल माझेच आहेत."

वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. पण शुक्रवारचं कालवण सिद्दीकच्या हाती पाठवत राहिली. शेवटी सिद्दीकनेच मध्ये पडून दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. तो असाच होता. कुणाचं तुटलेलं दिसलं की त्याला चैन पडत नसे.

नदीपलीकडच्या सरकारी कोठाराचा सिद्दीक प्रमुख होता, किल्ली त्याच्याच कमरेला असे. त्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो आईकडे जेवायला आला आणि जेवलाच नाही. बतूल सुंठ घातलेली कॉफी ओतत होती. तिच्याजवळ खाली बसून तो हळू आवाजात बोलला. पुरात बुडालेल्या गावांसाठी ज्वारीची चारशे पोती आली होती. वरची थप्पी उत्तम, खाली सगळा सोंडे लागलेला जुना माल. पुरवणारा व्यापारी एका कर्नलचा साडू. सिद्दीकने वरच्या साहेबाला दोन पत्रं लिहिली. साहेब म्हणाला, ताडपत्री टाक आणि गप्प बस.

"मग तू काय करणार?" बतूलने विचारलं.

"काय करू? तिसरं पत्र लिहीन. उद्या ही पोती गावात गेली की बायका पीठ दळायला घेतील आणि माझ्या नावाने बोटं मोडतील. सही माझी आहे ना."

कुणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. बहिणीला असं बजावायची त्याला गरज वाटली नसावी. आणि बतूलने ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, कारण आजवर तिने त्याला न सांगितलेलं असं काही नव्हतं. सांगताना तिच्या मनात एवढंच होतं, की मक्कीच्या ओळखी आहेत, तो भावाला यातून सोडवील.

मक्कीने लेख लिहिला. चांगला लिहिला. चार परिच्छेदांचा. पहिल्यात कोठार आणि सोंडे. दुसऱ्यात व्यापारी आणि त्याचा कर्नल. तिसऱ्यात, एका प्रामाणिक अधिकाऱ्याने दोन वेळा पत्रं लिहून वरच्यांना जागं करायचा प्रयत्न केला, ते. चौथ्यात शेवट.

आणि आता तोमकाका पान घेऊन समोर उभे होते. मक्की तोंड धुऊन, टॉवेलने दाढी पुसत बाहेर आला आणि खाटेवर डोळे मिटून बसला.

"वाच."

बतूलने सुरळी उलगडली. "'नदीपलीकडच्या कोठारात पूरग्रस्तांसाठी चारशे पोती ज्वारी आहे. वरची पोती सोन्यासारखी. खालच्या पोत्यात हात घातला तर हाताला दाणे लागत नाहीत, सोंडे लागतात.'" ती थांबली.

"पुढे?"

"पुढे लाल आहे. दुसरा पूर्ण. तिसराही पूर्ण."

"आणि शेवट?"

"शेवट ठेवलाय. 'कोठाराला कुलूप एक, किल्लीही एक. ती किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला लोकांनी विचारावं, बाबा, तू काय पाहिलंस.'"

तोमकाका खाली उकिडवे बसले. "उस्ताद, माझं ऐका. हा लेखच नको. उंटांच्या शर्यतीचा मजकूर जुळवून तयार आहे, अर्ध्या तासात बसवतो. कुणाला कळायचं नाही."

"काका, बारा वर्षांत मी कधी उंट छापलेत?"

"नाही छापले. म्हणून तर उंटांची हौस राहिलीय माझी."

मक्की हसला. बतूलला हसू आलं नाही. "अहो," ती म्हणाली, "मधलं गेल्यावर उरलं ते नुसतं किल्लीचं उरलंय."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव नाही, पण..."

"लोक खुळे नाहीत, बतूल. ते पांढरं वाचतात. इतका मोठा कोरा रकाना पाहिला की शेंबडं पोरसुद्धा म्हणेल, इथे कुणीतरी मोठा दडलाय. आज छापलं नाही तर पोती उद्या गावात जातील. तुला ते हवंय?"

ते तिला नको होतं. तोमकाकांना पाचची ट्राम गाठायची होती. चुलीवर दूध उतू चाललं होतं. तिने पान मांडीवर घेतलं, पहिल्या ओळीत जुळवताना सुटलेला एक शब्द पेन्सिलीने भरला, खाली नेहमीप्रमाणे वाचून पाहिल्याची आपली छोटी खूण केली आणि सुरळी परत दिली. मनात खटकलेलं तिने दुसऱ्यांदा बोलून दाखवलं नाही. एवढंच तिचं चुकलं, असं पुढे लोक तिची समजूत घालायला म्हणत. तिला त्यातलं 'एवढंच' कधी पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अंक संपला होता. दोन वकील आणि एक कवी मक्कीला मिठ्या मारून गेले. कॉफीच्या दुकानात कुणीतरी तो कोरा रकाना कापून भिंतीला डकवला. दुपारी कोठारावर अधिकारी आले, पोती फोडली आणि सोंडे साऱ्या जगाला दिसले. आठवड्याभरात गावांना नवी, निवडलेली ज्वारी गेली. हेही खरं होतं, आणि मक्की ते आयुष्यभर धरून राहिला. त्याचं ते धरणं खोटं नव्हतं.

पण किल्ली ज्याच्या कमरेला होती त्याला, चांगली ज्वारी विकून खाल्ली असा आरोप ठेवून, पोलिसांनी त्याच दुपारी नेलं. त्याच्या खणातल्या दोन पत्रांच्या नकला कुणी काढून नेल्या ते कधी कळलं नाही. साहेबाने सांगितलं, मला कसलंही पत्र आलं नाही. आणि पुरावा म्हणून सरकारी वकिलाने कोर्टात काय ठेवलं, तर मिजदाफचा अंक. तो म्हणाला, सरकारच्या विरोधातलं वर्तमानपत्रसुद्धा हेच म्हणतं, न्यायाधीश महाराज, की जबाबदार माणूस किल्लीवाला आहे.

खटल्याच्या आधी सिद्दीकचा वकील घरी आला. "उस्ताद, तुम्ही साक्षीला या. एवढंच सांगा, की ही माहिती मला सिद्दीकनेच दिली. चोर स्वतःची चोरी वर्तमानपत्राला सांगत नाही, हे न्यायाधीशालाही समजेल."

"सरकारी गुपित बाहेर फोडलं म्हणून त्याच्यावर दुसरं कलम लागेल. त्याची शिक्षा याहून मोठी आहे."

"कदाचित लागेल, कदाचित नाही. या कलमातून मात्र तो नक्की सुटेल."

"आणि उद्या कोण माझ्याकडे येऊन काही सांगेल? मिजदाफला सांगितलं की मिजदाफ नाव फोडतो, असं होईल. बारा वर्षांत मी एकाचंही नाव फोडलेलं नाही. तुरुंगातसुद्धा नाही."

वकील गेल्यावर बतूल म्हणाली, "अहो, तो कुणीतरी नाही. सिद्दीक आहे."

"म्हणूनच तर. परक्याला वाचवलं आणि घरच्याला फोडलं, असं करू?"

बतूलला त्याच्या बोलण्यातली खोट सापडेना. ती वर्षानुवर्षं शोधत राहिली. दुसऱ्या कलमाची भीती खरी होती का? होती. मक्कीला आपलं नाव जपायचं होतं का? तेही होतं. दोन्ही एकाच माणसात इतकी मिसळली होती, की तिला निवडता आली नाहीत. साक्षीच्या पिंजऱ्यात न्यायाधीशाने विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं. मक्की म्हणाला, ते मी सांगणार नाही. कोर्टात मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. सिद्दीकने आरोपीच्या जागेवरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग आपल्या वहाणांकडे पाहत राहिला. स्वतःहून त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणाच्या तोंडून कुणाकडे गेलं हे निघालं असतं, आणि बहिणीला पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली.

हाज्जा शूल पाच महिन्यांत गेली. आजार असा काही नव्हता. खाणं कमी झालं आणि बोलणंही. बतूल रोज जायची, किसऱ्याचे, म्हणजे ज्वारीच्या पातळ पोळीचे, मऊ तुकडे कालवणात भिजवून भरवायला बघायची. ती तोंड फिरवायची नाही, उघडायचीही नाही.

शोकाचा मांडव रस्त्यावर पडला. पुरुष मांडवात, बायका आत अंगणात. मुलगा म्हणून एका दिवसापुरतं सिद्दीकला सोडलं होतं, बरोबर एक शिपाई होता. आमच्याकडची रीत अशी, की येणारा माणूस समोर उभा राहून दोन्ही तळवे वर उचलतो, फातिहा, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणतो, आणि घरच्याने तळवे उचलून त्याला साथ द्यायची. वैरी आला तरी द्यायची. ती मेलेल्याची असते, आलेल्याची नसते.

मक्की दुपारच्या नमाजानंतर आला. बतूल अंगणाच्या भिंतीतल्या फटीशी उभी होती. तिच्या मागे बायकांचं रडणं चालू होतं, पण पुढे मांडवातल्या माना एकदम वळल्या. मक्कीने तळवे उचलले. शिपायाने बंदूक गुडघ्यांत धरून उचलले. सिद्दीक उठला. त्याने तळवे छातीपाशी आणले, ओठ हलवले, पूर्ण म्हटलं, तोंडावरून हात फिरवले. यानंतर माणसं गळ्यात पडतात, खांद्यावर थोपटतात. मक्की एक पाऊल पुढे आला. सिद्दीक खाली बसला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला पाण्याचा पेला दिला.

एवढंच. संध्याकाळी शिपाई त्याला घेऊन गेला. जाण्याआधी त्याने अंगणाच्या दारातून बतूलला हाक मारली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईची तांब्याची किटली तू ठेव." ती नुसती मान हलवत राहिली. मीच सांगितलं रे मक्कीला, एवढं एक वाक्य तिला तेव्हा बोलायचं होतं. शिपाई घाईत होता.

सुटल्यावर सिद्दीक ओम्दुरमानला राहिला नाही. बायकोचं, रौदाचं माहेर कोस्तीला. तिथे बोटींच्या धक्क्यावर मालाच्या पावत्या लिहायचं काम त्याला मिळालं. पत्र येई, वर्षाला दोन, ईदची. सगळे बरे आहेत, सगळ्यांना सलाम.

मग चौसष्टच्या ऑक्टोबरात लोक रस्त्यावर उतरले आणि लष्कराचं राज्य गेलं. सेन्सॉर उठला. मक्कीच्या कपाटात सहा वर्षांची लाल झालेली पानं जपून ठेवलेली होती. त्याने जाहीर केलं, की रोज एक पांढरी जागा भरून छापणार. जे तेव्हा काटलं होतं, ते शब्दाला शब्द. शहर वेडं झालं. अंक मिळेना. तोमकाका म्हणायचे, "जिवंतपणी केलेलं काम मेल्यावर पुन्हा करतोय असं वाटतंय, पण हात थकत नाहीत बघ."

नोव्हेंबरात एका सकाळी मक्कीने ते पान काढून बतूलसमोर ठेवलं. कागद पिवळा पडला होता, तांबडी पेन्सिल तशीच होती. खाली कोपऱ्यात तिची खूण होती.

"हे विचारल्याशिवाय छापायचं नाही," तो म्हणाला. "मी गेलो तर तो दार उघडेल, पण बोलणार नाही. तू जा."

"तुम्ही त्याला काय सांगू म्हणता?"

त्याने पानाची घडी घालून तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "सांग, की तो दिवस परत आला तर मी उंट छापीन."

कोस्तीला गाडी दिवसभर घेते. रौदा स्टेशनवर आली होती, मुलांना धुऊनपुसून आणलं होतं. घरात खाटेवर नवी चादर होती. कोंबडी कापली होती. बतूल अंगाभोवतीचा लांब तोब आवरून स्वयंपाकाकडे वळली, तशी रौदाने तिला हाताला धरून परत बसवलं.

"बसा ना तुम्ही. पाहुण्यांनी चुलीपाशी जायचं का?"

"अगं, मी कसली पाहुणी? दे तो कांदा इकडे."

"नको, नको. ते रागावतील."

बतूल बसली. भावाच्या घरात कांदा चिरायलाही आपल्याला कुणी देणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. सिद्दीक धक्क्यावरून आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते, पण हसणं तेच होतं. जेवण होईपर्यंत त्याने मुलांच्या शाळेबद्दल, बोटींबद्दल, वाळूत रुतलेल्या एका बोटीच्या कप्तानाबद्दल गमतीजमती सांगितल्या. मग चहा आला आणि तिने पिशवीतून पान काढलं.

"छापायचं म्हणतो? आता?"

"सगळं छापणार. व्यापाऱ्याचं नाव, कर्नलचं, तू लिहिलेल्या दोन पत्रांची हकिगत. सगळ्यांना कळेल."

"सगळे म्हणजे कोण?"

तिने पान त्याच्यापुढे सरकवलं. त्याने पान हातात घेतलं नाही, नुसतं लांबून पाहिलं.

"आईला वाचता येत नव्हतं, बतूल. अमूनाने तिला तो अंक वाचून दाखवला होता. खटल्याच्या दिवशी आई कोर्टाच्या आवारात मला भेटली, तेव्हा एवढंच म्हणाली, किल्ली खरंच तुझ्याच कमरेला होती का रे? मी म्हटलं, हो. ती वळून घरी गेली. आता हे तिला कोण वाचून दाखवणार?"

रौदा दारातून आत आली आणि तशीच मागे वळली.

"त्याला सांग, तेव्हा त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. आताही घेऊ नये. मुलांना इथे कुणी काही विचारत नाही."

"सिद्दीक, त्यांना मीच सांगितलं होतं."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुसरं कोण सांगणार होतं?"

"आणि हे पान," ती म्हणाली, "छापायला जाण्याआधी मी वाचलं होतं. मधलं गेलेलं मला दिसलं होतं. मी खूण करून दिलं."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तिच्या बोटाखालची ती छोटी पेन्सिलीची खूण पाहिली. लहानपणी ती पाटीवर कोपऱ्यात काढायची तीच. तो रागावला असता तर तिला सोसलं असतं. त्याने पेला तिच्याकडे सरकवला.

"चहा घे. गार होतोय."

उंटांचा निरोप सांगायचा राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने तिची पिशवी उचलली आणि घरात वळून रौदाला सांगितलं, "पाहुण्यांना स्टेशनवर सोडून येतो."

ते पान छापलं गेलं नाही. वाचकांची पत्रं आली, की ज्वारीच्या लेखाची पांढरी जागा कधी भरणार. मक्कीने एकालाही उत्तर दिलं नाही.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगायचं, तर तोमकाकांनी अडुसष्ट साली डोळ्यांसमोर खिळे नाचायला लागले म्हणून काम सोडलं आणि शेंदीजवळच्या आपल्या गावी गेले. तिथे लिंबाची बाग केली. शौकी मास्तर सेन्सॉर उठल्यावर पुन्हा शाळेत लागला. मुलांना निबंध शिकवताना तो मक्कीचे जुने अग्रलेख वाचून दाखवी, आणि कोणते परिच्छेद आपण काटले होते तेही सांगे, असं ऐकिवात आहे. मिजदाफ सत्तर साली बंद झाला, तेव्हाच्या सरकारने सगळीच पत्रं ताब्यात घेतली. मक्कीला एका सरकारी पत्रात जागा देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही. शेवटची सात वर्षं तो घरी बसून होता. डोळे जवळजवळ गेले होते. बतूल त्याला सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवी. तो मध्येच विचारी, "यात काय सोडलंय?" ती म्हणे, "मला काय ठाऊक." सत्त्याहत्तर साली तो गेला. मंत्री आले, भाषणं झाली, वसतिगृहाच्या एका सभागृहाला नाव दिलं. कोस्तीहून तार आली, अल्ला त्याला क्षमा करो. सगळ्यांच्याच तारांत हेच शब्द असतात. बतूलने ती तार पुष्कळ वेळा वाचली, यात रीतीपलीकडचं काही आहे का ते बघायला. तिला ठरवता आलं नाही.

सिद्दीक त्र्याऐंशीत गेला, छातीच्या दुखण्याने. तार दोन दिवस उशिरा मिळाली, त्यात गाडी सेन्नारला अडकली. बतूल पोचली तेव्हा शोकाचे तीन दिवस संपून चौथा उजाडला होता. मांडव उतरला होता. रस्त्यावर खुर्च्या एकावर एक रचून गाढवगाडीत चढवत होते. अंगणात गल्लीतल्या सात-आठ बायका चटया गुंडाळून भिंतीला टेकवत होत्या, एकीच्या हातात खराटा होता. रौदा आत झोपली होती.

"कोण तुम्ही?" खराटावालीने विचारलं. "कुठून आलात?"

"ओम्दुरमानहून. मी सिद्दीकची बहीण."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वीस वर्षं त्या त्याच्या शेजारी राहत होत्या. त्याला बहीण आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मग त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने खराटा हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि भिंतीला टेकवलेली एक चटई उचलून झाडलेल्या अंगणात परत अंथरली. बाकीच्यांनी आपापल्या चटया उलगडल्या. कुणी घरी गेलं नाही. बतूल मधोमध बसली आणि त्या सगळ्या तिच्याभोवती, तिच्यासाठी म्हणून, पहिल्या दिवसासारख्या रडायला बसल्या.